टायरमधलं पाणी

"सही करायला तुझं जातंय काय?" मुकादमानं तिसऱ्यांदा विचारलं. "मजकूर तयार आहे, कागद समोर आहे, पेन हातात दिलंय. आता काय, हात धरून गिरवून घेऊ?"

"वाचू तर द्या."

"तीनदा वाचून झालंय तुझं."

"चौथ्यांदा वाचते. मी चुकणारी बाई आहे असं इथं लिहिलंय ना? मग चुकणाऱ्या बाईनं चारदा वाचलेलं बरं."

"बघ, आई, बघ. हे असं आहे," मुकादम खिडकीकडं वळून म्हणाला.

खिडकीशी त्याची आई परात मांडीवर घेऊन मटार सोलत होती. "मला मध्ये घेऊ नका," ती म्हणाली. "मी मटार सोलतेय."

रविवार होता. जेवणं होऊन तास उलटला तरी खरकटी ताटं टेबलावरच होती, कारण ती उचलणारी बाई कागद वाचत होती आणि बाकी कुणाला ते सुचलं नव्हतं. कागदाला डाग पडू नये म्हणून तिनं कोपरानं ताटं तेवढी बाजूला सारली होती.

कागद एका पानाचाच. नऊ दिवसांपूर्वी अवजड यंत्रांच्या यार्डात एक लोडर, म्हणजे पुढं खोलीएवढं फावडं असलेलं दगड उचलायचं यंत्र, क्रेनवरून खाली आलं आणि एका माणसाचं पाऊल चिरडलं गेलं. लोडरच्या चारी टायरांत पाणी भरलेलं होतं आणि ते वजनात धरलंच गेलं नव्हतं. ते धरायचं काम तिचं. ती नजरचुकीने विसरली. ही चूक तिला मान्य आहे, असं कागदावर नीटनेटकं टाइप केलेलं होतं. खाली तिचं नाव आणि नावाच्या वर सहीपुरती मोकळी जागा. उद्या सकाळी दहा वाजता चौकशी बसणार होती. त्याआधी सही हवी होती.

"तुला नुसती समज देतील गं," ओट्याला टेकून उभी असलेली त्या दोघांची मुलगी म्हणाली. ती सव्वीस वर्षांची. एका वकिलाच्या ऑफिसात फायली आणि टायपिंग बघायची, आणि 'अशा केसमध्ये' हे दोन शब्द तिच्या तोंडात कायमचे मुक्कामाला आले होते. "अशा केसमध्ये वय बघतात, आई. तुझी नोकरी दोन वर्षांत संपतेच आहे. फार तर घरी बसवतील."

"आणि सही नाही केली तर?"

"तर विचारतील, मग चुकलं कोण," मुकादम म्हणाला. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, रिकामा आहे हे बघून परत ठेवला.

खरी गोष्ट अशी होती की ती सही करणारच होती. चूक आपलीच, हे तिनं नऊ दिवसांपूर्वीच कबूल करून टाकलं होतं, स्वतःशी. फक्त त्या कागदातलं एक वाक्य दाताखाली खडा यावा तसं दरवेळी लागत होतं. त्यात चूक काहीच नव्हती. उलट इतकं बरोबर होतं की ते आपण कुठंतरी ऐकलंय असं तिला वाटत होतं, आणि कुठं ते आठवत नव्हतं. म्हणून चौथ्यांदा वाचणं चाललं होतं.

यार्डात तिला सगळे लिटरताई म्हणत. साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत. तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, तिथंच राहिलं.

बाविसाव्या वर्षी ती तेलाच्या कोठीवर कारकून म्हणून लागली. कुठल्या यंत्रात किती लिटर तेल गेलं, एवढंच लिहायचं काम. बाकीच्या मुली ऑफिसात पंख्याखाली, ही पिंपांच्या रांगेत. केसांना तेलाचा वास येतो म्हणून तिची बहीण तिच्याशेजारी झोपायला नको म्हणायची. पण तीन वर्षांत तिला पिंपावर नुसती टिचकी मारून आत किती उरलंय ते कळायला लागलं. कुणी शिकवलं नाही. दिवसभर दुसरं करायला काही नव्हतं.

मग एकदा पत्रे दाबायचा एक जुना प्रेस उचलायचा होता. यंत्राच्या अंगावर पितळी पट्टी असते, तिच्यावर वजन कोरलेलं असतं. पण ते असतं कारखान्यातून निघतानाचं, उपाशीपोटी घेतलेलं. म्हातारे इंजिनिअर साहेब पट्टी वाचून क्रेनवाल्याला आकडा सांगत होते. ही कोठीच्या दारातून म्हणाली, "साहेब, त्याच्या पोटात चारशे लिटर तेल आहे. मी दिलंय आणि ते परत आलेलं नाही."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी खालची तोटी उघडायला लावली. तीनशे ऐंशी लिटर निघालं.

"वीस कमी," कुणीतरी म्हणालं.

"गळत असणार," असं म्हणून ती सरळ यंत्राखाली वाकली आणि जिथून थेंब थेंब जात होतं ती जागा बोटानं दाखवली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्या हातात खडूची पेटी दिली. तेव्हापासून यार्डात कुठलंही धूड उचलायचं असलं की आधी लिटरताई त्याच्याभोवती फिरणार, हे ठरून गेलं.

तिची पद्धत सोपी होती, फक्त ती दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. ती फेरीला निघायची अकरा वाजता, लोखंडाला ऊन चांगलं लागल्यावर. हाताची पालथी बाजू टाकीवर वरून खाली फिरवत आणायची. वर रिकाम्या भागाला चटका बसतो; जिथं तेल सुरू होतं तिथं लोखंड एकदम निवतं. तिथं खडूची रेघ. मग पान्यानं ठोकून आवाज बघायचा, रेघ बरोबर आहे का म्हणून. मग हिशेब: पाण्याचा लिटर म्हणजे किलो, तेल त्याहून हलकं, डिझेल आणखी थोडं हलकं. एकदा एक नवा इंजिनिअर धावत आला, खोदायच्या यंत्राची टाकी निम्मी रिकामी आहे, तेल चोरीला गेलं म्हणून. तिनं वर बोट दाखवलं. यंत्राचा लांब हात आभाळाकडं होता. "साहेब, त्यानं हात वर केलाय. तेल हातात चढलंय. खाली घ्यायला सांगा, टाकी भरेल." त्या इंजिनिअरनं पुढं आठवडाभर तिच्याकडं बघणंसुद्धा टाळलं.

पण सगळ्यात लबाड असतात टायर. दगडाच्या खाणीतले लोक लोडरची पकड वाढावी म्हणून टायरांत पाणी भरतात. बाहेरून टायर तो टायर. यंत्र विकताना कुणी सांगत नाही, कागदावर कुठं नसतं. लिटरताई टायरचा व्हॉल्व तळाशी असेल असं चाक फिरवून घ्यायची आणि पिन दाबायची. हवा असली तर फुस्स, पाणी असलं तर बाहीवर पिचकारी. मग काळ्या रबरावर पांढऱ्या खडूनं मोठा आकडा.

मुकादम तेव्हा मुकादम नव्हता. साखळ्या बांधणाऱ्या टोळीत होता. दर दोन दिवसांनी ग्रीस मागायला कोठीवर यायचा. "एवढं ग्रीस लागतं कशाला हो तुम्हाला? पावाला लावून खाता की काय?" असं तिनं विचारलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. लग्नानंतर तो टोळीचा मुखिया झाला, मग उचलण्याच्या सगळ्या कामाचा मुकादम. यार्डात तीही त्याला मुकादमच म्हणायची. आणि तेव्हापासून सव्वीस वर्षं एक रीत चालत आली. ती यंत्रावर खडूनं आकडे लिहायची. तो ते वाचून बेरीज करायचा आणि छापील फॉर्मवर पेनानं उतरवायचा. फॉर्मवर सही त्याची. तो फॉर्म तिनं कधी परत बघितला नाही. एकदोघांनी तिला सुचवलंही होतं की, ताई, एक कागद आपल्यापाशी ठेवत जा. ती म्हणाली होती, "घरचाच माणूस आहे. त्याच्याकडून काय पावती घेऊ?"

घरातही तिच्या हाताची गंमत चालायची. पाहुणे आले की मुकादम सांगायचा, "हिला चहा कमी देऊ नका. कप धरून सांगेल किती चमचे मारलेत." सासूबाईंच्या औषधाची बाटली हलवून ती सांगायची, मधल्या दोन वेळा चुकल्या. सासूबाईंना याचा राग यायचा. मुलीला लहानपणी शाळेत आई काय करते म्हणून विचारलं, तर तिनं 'ऑफिसात असते' असं सांगितलं होतं. लिटरताईला ते कळलं होतं. 

ज्याचं पाऊल गेलं तो साखळीवाला चाळिशीचा, तोंडानं भारी. साखळी अडकवताना तो खडूच्या आकड्यावर थाप मारायचा आणि क्रेनवाल्याला ओरडून सांगायचा, "ताईंचा आकडा आहे रे! उचल बिनधास्त, खाली पथारी टाकून झोपतो!"

त्या शुक्रवारी लिटरताई लोडरची फेरी आटोपून यार्डाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. आवाज आला तेव्हा ती एका जनरेटरच्या टाकीवर कान लावून उभी होती. पोचेपर्यंत क्रेनचे मागचे दोन पाय जमिनीवरून उचलले जाऊन परत आपटले होते. लोडर फूटभर वर जाऊन तिरका बसला होता. एका टायरचा व्हॉल्व तुटून पाणी वाहत होतं, तासभर वाहत राहिलं. सांडलेलं डिझेल पेटू नये म्हणून पाइप लावून सगळं धुऊन काढलं. लोडर नवा असल्यासारखा स्वच्छ झाला. त्याच्या अंगावर खडूची एक रेघ राहिली नाही.

फॉर्मवर दोन आकडे होते. तेल आणि डिझेल. पाणी नव्हतं.

"तू टायर बघितलेस का?" त्या संध्याकाळी मुकादमानं तिला विचारलं होतं. हळू आवाजात, रागावून नाही.

"बघितले असतील. बघतेच ना मी."

"टायरवर आकडा नव्हता गं."

तिनं आठवायचा प्रयत्न केला. बाही ओली झाल्याचं आठवत होतं. पण ती या लोडरवर की आदल्या आठवड्यातल्या? तीस वर्षांत बाही किती वेळा ओली झाली असेल? जितकं आठवावं तितकं ते पुसट होत गेलं. "होतं असं," मुकादम म्हणाला. "वय झालं आपलं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

तिनं लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. साखळीवाल्याची बायको खाटेशी बसली होती, ती उठून बाहेर गेली. तो आढ्याकडं बघत होता. थट्टा करायची त्याची सवय सुटली नव्हती, पण आवाज दुसराच होता. "ताई, आम्ही तुमच्या आकड्यावर डोळे झाकून उभे राहायचो. आता उघडे ठेवायला हवेत, नाही का?" ती म्हणाली, "चुकलं माझं." आणि दवाखान्याच्या जिन्यात पायरीवर बसून राहिली.

त्या दिवसांत घरातले सगळे तिच्याशी फार चांगले वागले. सासूबाईंनी, ज्यांनी सत्तावीस वर्षांत तिला आयता कप दिला नव्हता, सकाळी उठून तिच्यासाठी चहा ठेवला. मुकादमानं भांडी घासली. तिला वाटलं, संकटात कळतं माणूस. आणि गुरुवारी संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. "आई, टायरमधलं पाणी ओळखायचं कसं गं?" तिनं विचारलं. "ते विसरायला होऊ शकतं का?"

सव्वीस वर्षांत मुलीनं तिला तिच्या कामाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं होतं. लिटरताईनं गॅस बंद केला. भाजी तशीच राहिली. ती व्हॉल्वबद्दल बोलली, पिचकारीबद्दल बोलली, खाणीतल्या लोकांच्या लबाडीबद्दल बोलली. मुलगी मान डोलवत होती, मध्येच "म्हणजे कसं?" म्हणत होती. एवढ्या वाईट आठवड्यातला तो एकच अर्धा तास बरा गेला होता.

"झालं का वाचून?" मुकादम म्हणाला.

लिटरताईचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. तिनं ती मोठ्यानं वाचली. "'तेल आणि डिझेल दिसतात, वास येतो, गळतात. पाणी टायरात गप्प बसून असते. त्यामुळे माणूस दिसणाऱ्या गोष्टी आधी मोजतो आणि पाणी शेवटी ठेवतो, व शेवटचे ते राहून जाऊ शकते.'" तिनं मान वर केली. "हे माझं बोलणं आहे."

मुकादमानं रिकामा ग्लास परत उचलला.

"गुरुवारी मी हे तुला सांगितलं. भाजी तशीच टाकून."

मुलीनं हाताची घडी घातली. "मी टाइप केलंय ते. त्यात काय एवढं? तुझ्या शब्दांत असलं की खरं वाटतं, आई. नाहीतर साहेब म्हणतील कुणीतरी लिहून दिलंय."

"कुणीतरी लिहून दिलंयच की."

"तुझ्या भल्यासाठी..."

"तू मला हौसेनं विचारत होतीस असं वाटलं मला," लिटरताई म्हणाली. "मी किती बोलले गं त्या दिवशी."

मुलीचा चेहरा उतरला. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली. खिडकीशी बसलेल्या सासूबाईंना ते बघवेना. नात रडवेली झाली की त्यांना गप्प बसता येत नसे. "अगं, तिला कशाला धारेवर धरतेस?" त्या म्हणाल्या. "पोरगी बापासाठीच करतेय ना? आणि त्यानं तरी काय वाईट हेतूनं पुसलं का ते? उशीर होत होता, डोक्यावर साहेब उभा होता, पुसलं गेलं हातून."

परातीत एक शेंग पडली. पुढची सासूबाईंनी उचलली नाही.

"काय पुसलं?" लिटरताईनं विचारलं.

"आईचं ऐकू नकोस, तिला यातलं काही कळत नाही," मुकादम घाईनं म्हणाला.

"सासूबाई, काय पुसलं?"

"मला मध्ये घेऊ नका म्हटलं होतं मी," सासूबाई म्हणाल्या आणि परात घेऊन उठायला लागल्या. गुडघ्यानं साथ दिली नाही, परत बसल्या.

लिटरताई नवऱ्याकडं वळली. घरात ती त्याला कधी नावानं वा हुद्द्यानं हाक मारत नसे, आत्ता मारली. "मुकादम, टायरवर आकडा होता का?"

तो टेबलावरचा भाताचा कण नखानं खरवडायला लागला.

"किती लिहिला होता मी?"

"आता त्याचं काय..."

"किती?"

"तीनशे," तो म्हणाला.

"एकेका टायरवर?"

"हो."

"म्हणजे बाराशे लिटर. बाराशे किलो." ती खुर्चीत मागं टेकली. पहिल्यांदा जे वाटलं ते कुणाला सांगायची लाज वाटावी असं होतं: तिला आनंद झाला. ती विसरली नव्हती. बाही त्याच लोडरवर ओली झाली होती. हात तिचाच होता आणि तो जाग्यावर होता. तो आनंद जेमतेम श्वासभर टिकला. मग तिला खोलीतली तीन माणसं दिसली, आणि ती तिन्ही माणसं तिच्याकडं बघत नव्हती.

"बाराशे धरले असते तर छोट्या क्रेनला जमलं नसतं," मुकादम बोलायला लागला. आता सुटलाच होता तर भराभर. "मोठी क्रेन चार दिवसांनी येणार होती. साहेब म्हणत होते, मुकादम, तुम्ही दरवेळी अडवता. आणि तू धोका नको म्हणून वाढवून लिहितेस हे सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं तीनशे म्हणजे असतील दोनशे. निभावून जाईल."

"सव्वीस वर्षांत मी एकदा तरी वाढवून लिहिलंय?"

"तसं नाही गं..."

"एकदा?"

"नाही," तो म्हणाला.

"कशानं पुसलं?"

"ते कशाला?"

"मला कळू दे."

"फडक्यानं. हात पुसायच्या."

"चारी टायर?"

"चारी."

तिनं ते डोळ्यांसमोर आणून बघितलं. एका टायरपाशी हात चुकून लागला, असं म्हणता आलं असतं. चार चाकांना फेरी घालावी लागते. मध्ये दोनदा लोडरला वळसा पडतो. तेवढ्यात माणूस परत विचार करू शकतो.

"तू कधी ऐकलंस?" तिनं मुलीला विचारलं.

"शनिवारी. दुसऱ्या दिवशी." मुलगी आता रडत होती. "बाबांनी आजीला सांगितलं, मी दारात होते. आई, तुला सांगून काय झालं असतं? बाबांची नोकरी गेली असती, वर पोलीस केस. तुझं तसं नाही. तुझी चूक म्हणजे चूक, त्यांचं म्हणजे गुन्हा. अशा केसमध्ये दोन्हींत फार फरक असतो. आम्ही सगळ्यांचा विचार केला."

"सगळ्यांचा," लिटरताई म्हणाली.

"तुझा पण!"

"मी खोलीत नव्हते."

"नाहीतर तू लगेच जाऊन सांगितलं असतंस," मुकादम म्हणाला. यात तक्रार होती, आणि ती खरी होती.

"मी त्या माणसाच्या खाटेशी उभं राहून चुकलं म्हणून आलेय. तुम्ही मला रिक्षात बसवून दिलंत. 'जाऊन ये, मन हलकं होईल' म्हणालात."

"मला काय बरं वाटत होतं का? मला झोप नाही नऊ दिवस."

"तुम्हाला नव्हती ती तुमची. मला नव्हती तीही तुमचीच होती. दोन्ही माझ्याच उशाशी ठेवलीत तुम्ही."

सासूबाई शेंग हातात धरून म्हणाल्या, "आता झालं ते झालं. घराचं बघायचं का बाहेरच्याचं? नवरा आहे तो तुझा. तुला सकाळी चहा करून देत होते मी, काही उगाच नाही."

"तेच आत्ता कळलं," लिटरताई म्हणाली. "उगाच नव्हता."

बाहेर गल्लीत कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती दोनदा खाकरली आणि बंद पडली. मुकादमानं आवाज बदलला. साहेबांशी बोलताना तो हा आवाज काढायचा. "हे बघ. शांतपणे विचार कर. समज, तू उद्या जाऊन सांगितलंस. पुरावा काय? खडू धुऊन गेलाय. फॉर्मवर माझी सही आहे आणि त्यात पाणी नाही. तू म्हणणार होतं, मी म्हणणार नव्हतं. हसतील लोक. म्हणतील बायको नवऱ्यावर ढकलतेय. त्यापेक्षा हे सरळ आहे. नोकरीची दोन वर्षं उरलीत तुझी, आठ माझी. साधी वजाबाकी आहे."

"तुम्ही नव्हतं म्हणाल? समोरासमोर?"

त्यानं कागद तिच्या बाजूला सरकवला आणि पेन त्याच्यावर ठेवलं. 

लिटरताई उठली. सवयीनं तिनं दोन ताटं एकावर एक ठेवली, मग ती तशीच सोडून हात पुसले. मुलगी पुढं झाली, "आई, बस ना, मी आवरते," म्हणाली. तिला तिनं हातानंच अडवलं. आवाज चढवला नाही. यार्डात आकडा सांगताना बोलायची तसं बोलली, ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावं लागू नये असं.

"मी सही करणार नाही. उद्या आठ वाजता दवाखान्यात जाऊन त्या माणसाला सांगणार, आकडा बरोबर होता आणि तो कुणी पुसला. त्यानं ते दुसऱ्याकडून ऐकायला नको. तिथून दहाला चौकशीत. कुणाचा विश्वास बसतो, कुणाचा नाही, ते त्यांचं ते बघतील. मला विचारलं की घरात आणखी कुणाला माहीत होतं, तर तुम्हा दोघींचंही सांगणार."

"आई, बाबांना अटक होईल!"

"होईल."

"आणि आम्ही? आम्ही कुठं जायचं मग?" सासूबाईंनी विचारलं.

"ज्याला जायचं असेल त्यानं ठरवावं. मी कुठं जाणार नाहीये. आजपासून आतल्या खोलीत मी एकटी झोपणार. मुकादमांचं अंथरूण बाहेर काढून ठेवा."